२४ घटकांचं पीव्हीटी (दाब-आकारमान-तापमान) मॉडेल साठ्याच्या सिम्युलेशनसाठी ७-८ घटकांवर कसं आणायचं?

तुमचा साठा गॅस कंडेन्सेटचा, म्हणजे दाब उतरला की द्रव सुटणाऱ्या वायूचा आहे, त्यात कोरडा वायू परत सोडायचा आहे, लॅबचा अहवाल सी२०+ (२० किंवा जास्त कार्बन अणूंचं सगळं एकत्र) पर्यंत म्हणजे २४ घटकांचा आहे आणि रन संपता संपत नाही. साहजिक आहे. फुल्ली इम्प्लिसिट पद्धतीत (सगळी समीकरणं एकदम सोडवणाऱ्या) दर ग्रिड ब्लॉकला प्रत्येक घटकाचं एक आणि पाण्याचं एक समीकरण लागतं. २४ घटकांना जेकोबियनचा (त्या समीकरणांच्या डेरिव्हेटिव्हजच्या मॅट्रिक्सचा) एकेक ब्लॉक २५ × २५, म्हणजे ६२५ आकड्यांचा होतो. ७ घटकांना तोच ६४ चा. फ्लॅशचा, म्हणजे वायू किती आणि द्रव किती हे काढण्याच्या गणनेचा, खर्च वेगळाच.

नुसता दाब उतरवून उत्पादन घ्यायचं असतं, तर वायूत विरघळलेलं तेल धरणारं मॉडिफाइड ब्लॅक ऑइल मॉडेल बहुधा पुरलं असतं. वायू सोडायचा म्हटल्यावर मात्र प्रत्येक घटकाचा वेगळा हिशेब ठेवणाऱ्या कंपोझिशनल मॉडेलला सहसा पर्याय नसतो.

लम्पिंगला (घटकांचे गट पाडण्याला) हात लावण्याआधी २४ घटकांचं पेंग-रॉबिन्सन अवस्था-समीकरणाचं मॉडेल लॅबच्या प्रयोगांवर नीट बसवून घ्या: ड्यू पॉइंट (द्रव सुटायला लागतो तो दाब), सीव्हीडीमधला (आकारमान कायम ठेवून टप्प्याटप्प्याने दाब उतरवण्याच्या प्रयोगातला) लिक्विड ड्रॉपआउट म्हणजे सुटलेलं द्रव, सेपरेटर टेस्ट. हेच पुढे तुमचं मोजमाप. बरेच जण आधी गट पाडतात आणि मग लॅबच्या आकड्यांवर रिग्रेशन चालवतात, म्हणजे आकडे जुळेपर्यंत मॉडेलचे गुणधर्म हलवतात. आकडे जुळतातही, पण चूक गट पाडण्यातली की समीकरणातली हे कळायला मार्ग उरत नाही.

हलक्या बाजूला फार डोकं चालवावं लागत नाही. नायट्रोजन अगदी थोडा असेल तर मिथेनमध्ये, कार्बन डायऑक्साइड थोडा असेल तर इथेनमध्ये. आयसो आणि नॉर्मल ब्यूटेन एकत्र, पेंटेनही तसेच. सी३-सी४ चा एक गट, सी५-सी६ चा दुसरा. पण जो वायू सोडणार त्याचा मुख्य घटक कधीही कुणात मिसळू नका. उद्या कार्बन डायऑक्साइड सोडायचं ठरलं तर तो वेगळाच हवा.

खरी गोम सी७+ मध्ये (सात किंवा जास्त कार्बनच्या जड भागात) आहे. किती गट करायचे याचं व्हिटसनचं सूत्र १ + ३.३ × लॉग(१३) असं येतं (१३ म्हणजे २० वजा ७, लॉग दशमान), उत्तर सुमारे ४.७. मी ४ पासून सुरुवात करून ३ वर जमतं का ते बघेन. सीमा कार्बन क्रमांकाच्या समान अंतरावर न ठेवता प्रत्येक गटात साधारण सारखं वस्तुमान येईल अशा ठेवा.

एकच सी७+ ठेवला तर काय बिघडतं? ड्यू पॉइंट रिग्रेशनने ओढून आणता येतो. पण कोरडा वायू फिरत राहिला की प्रत्यक्षात आधी सी७-सी१० वाफ होऊन निघून जातात आणि मागे उरलेलं द्रव जड होत जातं. एकाच गटात हे दिसूच शकत नाही: उरलेलं सी७+ शेवटपर्यंत त्याच सरासरी गुणधर्मांनी वाफ होत राहतं आणि उशिराची कंडेन्सेट प्राप्ती फुगते. हा घोटाळा सीव्हीडीत दिसत नाही, म्हणून लॅबशी जुळणी पाहून निर्धास्त होऊ नका.

२४ वरून थेट ७ वर उडी नको. १२, मग ९, मग ७. दर पायरीला २४ घटकांच्या मॉडेलशी तुलना करा, आणि त्यात सोडायच्या वायूची स्वेलिंग टेस्ट (वायू मिसळत नेल्यावर आकारमान आणि ड्यू पॉइंट कसे बदलतात ते) आणि उरलेल्या द्रवाला तोच वायू वारंवार लावण्याची गणना असू द्या. लॅबने केली नसेल तरी सॉफ्टवेअरमध्ये होते. ड्यू पॉइंट आणि द्रवाची घनता १-२ टक्क्यांत राहिली तर मी पुढे जातो. बिघडलं तर फक्त जड गटांचे क्रिटिकल तापमान, क्रिटिकल दाब आणि व्हॉल्यूम शिफ्ट (घनता सुधारणारा आकडा) किंचित हलवा. जड गटाचं क्रिटिकल तापमान त्याच्या आधीच्या गटापेक्षा खाली गेलं, तर जुळणी कितीही सुंदर दिसो, ती टाकून द्या.

व्हिस्कॉसिटी सगळ्यात शेवटी. एलबीसी (लोहरेन्झ-ब्रे-क्लार्क) या व्हिस्कॉसिटीच्या सूत्रात घनतेचा चौथा घात असल्याने घनतेतली लहान चूकही तिथे मोठी होते. घनता पक्की झाल्यावर जड गटांच्या क्रिटिकल व्हॉल्यूमवर ती जुळवा. ते बदलल्याने फ्लॅशला धक्का लागत नाही.

साठा जाड असेल आणि खोलीनुसार घटकांचं प्रमाण बदलत असेल, तर एका खोलीच्या नमुन्यावरून काढलेली गटांची सरासरी दुसरीकडे लागू पडत नाही. तिथे वरचा आणि खालचा असे दोन्ही नमुने एकाच गटरचनेवर तपासावे लागतात.

आणि एक, जमिनीवरच्या प्लांटला काय हवंय ते आधीच विचारा. उरणच्या प्लांटमध्ये एलपीजी आणि इथेन-प्रोपेन वेगळे काढतात. तसा ग्राहक असेल तर सी३-सी४ चा एकच गट त्याच्या कामाचा नाही. प्रोपेन वेगळा ठेवा, म्हणजे ८ घटक होतील, किंवा विहिरीच्या प्रवाहाचं नंतर डीलम्पिंग करा, म्हणजे गट पुन्हा घटकांत फोडा.

शेवटची तपासणी: एकाच ग्रिडवर छोटं एकमितीय मॉडेल २४ आणि ७ घटकांनी चालवून कंडेन्सेट प्राप्तीचे आलेख एकावर एक ठेवा. ग्रिड मात्र बदलू नका, नाहीतर फरक लम्पिंगचा की न्यूमेरिकल डिस्पर्शनचा (ग्रिडच्या आकारामुळे गणनेत येणाऱ्या खोट्या मिसळणीचा) हे ओळखता येणार नाही.