बाकुला: सर्व्हरवर डीबग लेव्हल वाढवली, तरी क्लायंट गप्प का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: बाकुला या बॅकअप सॉफ्टवेअरच्या इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेल्याच फाइली घेणाऱ्या) बॅकअपमधून एक फोल्डर सुटतोय. सर्व्हरवरच्या डायरेक्टरची डीबग लेव्हल (तपासणीच्या नोंदी किती बारकाईने लिहायच्या तो आकडा) २०० केली, तरी क्लायंटने (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या मशीनने) त्यातल्या फाइली का सोडल्या याची एकही ओळ लॉगमध्ये नाही.

तुम्ही भलतंच दार ठोठावताय. डायरेक्टर (जॉब चालवणारा), स्टोरेज डीमन (बॅकअप साठवणारा) आणि फाइल डीमन (क्लायंटवरच्या फाइली वाचून पाठवणारा) हे मागे सतत चालणारे तीन वेगळे प्रोग्राम, म्हणजे डीमन, आहेत आणि डीबग लेव्हल ज्याची त्याची. एकाची वाढवली म्हणून दुसऱ्याची वाढत नाही. फाइल घ्यायची की सोडायची हे क्लायंटवरचा फाइल डीमन ठरवतो, तेव्हा विचारायचं त्यालाच. बीकन्सोलमध्ये (डायरेक्टरला हुकूम द्यायच्या कन्सोलमध्ये) सेटडीबग हा हुकूम देताना क्लायंटचं नाव लिहा, लेव्हल १०० ठेवा आणि ट्रेस=१ न विसरता द्या, म्हणजे डीबगच्या नोंदी फाइलमध्ये जातील. ट्रेस फाइल क्लायंटच्याच मशीनवर, त्याच्या वर्किंग डिरेक्टरीत बनते. सर्व्हरवर कितीही शोधलीत तरी सापडणार नाही.

त्या फाइलमधली ओळ नीट बघा. सुरुवातीला डीमनचं नाव, मग सोर्स फाइलचं नाव, तिच्यातला ओळ क्रमांक, आणि डॅशनंतर जॉब आयडी, म्हणजे बॅकअपच्या त्या फेरीचा क्रमांक. त्या आयडीवर ग्रेप मारला (तो असलेल्या ओळी शोधल्या) की एकाच जॉबचा धागा हाती येतो. सेटडीबगच्या ऑप्शन्समध्ये टी दिलंत तर वेळही छापली जाते. पण दोन्ही मशीनची घड्याळं आधी जुळवा. घड्याळांतला फरक बॅकअपपुरता फाइल डीमन स्वतः सांभाळून घेतो, ट्रेसमधली वेळ मात्र त्या मशीनचीच असते.

सेटडीबगचा हुकूम डायरेक्टरकडून ९१०२ पोर्टवरून क्लायंटकडे जातो. कनेक्शनच होत नसेल तर क्लायंटची सर्व्हिस थांबवून डीमन हाताने फोरग्राउंडला, डीबग लेव्हल देऊन चालवा.

आता ज्यात बहुतेक जण अडकतात ते. डीबग ट्रेस वेगळा आणि जॉबचा लॉग वेगळा. जॉबच्या लॉगला दोन चाळण्या असतात. पहिली क्लायंटच्या कॉन्फिगमधल्या मेसेजेस रिसोर्समध्ये (संदेश कुठे जायचे ते ठरवणाऱ्या भागात). तिथे डायरेक्टरकडे काय पाठवायचं ते लिहिलेलं असतं, आणि सोबत येणाऱ्या कॉन्फिगमध्ये स्किप्ड (सोडलेल्या फाइलींचे) संदेश उद्गारचिन्ह लावून वगळलेले असतात. दुसरी चाळणी डायरेक्टरच्या मेसेजेसमध्ये. तुम्ही दुसरीचं भोक मोठं केलंत तरी पहिलीतच अडकलेलं खाली येणार कुठून? दोन्हीकडचं ते वगळणं काढा, फाइल डीमन रीस्टार्ट करा, डायरेक्टरला रीलोड पुरतो. मग न बदललेली फाइल सोडल्याची नोंद फाइलच्या नावासकट लॉगमध्ये येईल, आणि कदाचित ट्रेसची गरजच पडणार नाही.

काम झालं की लेव्हल ० आणि ट्रेस ०, त्याच दिवशी. मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी २०० वर चालू ठेवून घरी गेलो. सोमवारी व्हार पार्टिशन शंभर टक्के भरलेलं होतं, कॅटलॉगचा (कुठल्या बॅकअपमध्ये काय आहे त्या नोंदींचा) डेटाबेस त्याच पार्टिशनवर, आणि शनिवार-रविवारचे सगळे जॉब पडलेले. ते दोन रात्रींचे बॅकअप परत मिळाले नाहीत. रीस्टार्टनंतर सेटडीबग आपोआप पुसलं जातं, पण सर्व्हर कधी रीस्टार्ट होईल यावर विसंबू नका.

तुमच्या फोल्डरबद्दल माझा संशय सांगतो. तो कोणी दुसरीकडून तिथे हलवलाय का, ते विचारा. इन्क्रिमेंटलमध्ये फाइलच्या बदलाच्या वेळा आधीच्या बॅकअपच्या वेळेशी ताडल्या जातात. एकाच फाइल सिस्टिमवर फोल्डर हलवला तर आतल्या फाइलींच्या वेळा जुन्याच राहतात, म्हणून क्लायंटला त्या न बदललेल्या वाटतात. तसं असेल तर जॉबमध्ये ॲक्युरेट हा पर्याय चालू करा. मग डायरेक्टर आधीच्या बॅकअपमधल्या फाइलींची यादी क्लायंटला पाठवतो आणि यादीत नसलेली फाइल घेतली जाते. लाखो फाइली असतील तर ही यादी क्लायंटची बरीच मेमरी खाते, ती आधी बघून घ्या. आणि आज रात्रीच त्या क्लायंटचा एक फुल बॅकअप चालवा, कारण त्या फाइली नव्या जागेवरच्या म्हणून अजून कुठल्याच बॅकअपमध्ये नाहीत.