कमी रनिंगची गाडी की फाइलवाली?

प्रश्न : ई-क्लास मर्सिडीज घ्यायची फार वर्षांची इच्छा आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक इथलीच, एमएच-१० पासिंग, २००५ ची ई २२० सीडीआय. मीटरवर फक्त ५८ हजार, रंग चकाचक, पावणेचार लाख सांगतात. दुसरी पिंपरीकडची एमएच-१४, २००८ ची ई २८० सीडीआय. १ लाख ८४ हजार रनिंग, बंपरवर ओरखडे, पण मालकाकडे बिलांची जाड फाइल आहे; साडेचार लाख म्हणतात. माझं मन पहिलीवर आहे. घरचे म्हणतात, घेणं सोपं, पोसणं अवघड. काय बघून घेऊ? – एक शिक्षक, सांगली

उत्तर : सर, मी तुमच्या जागी असते तर पहिली गाडी आधी बाजूला ठेवली असती. कारण तिचे ब्रेक.

२००६ च्या मध्यापर्यंतच्या या मॉडेलला एसबीसी नावाची इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा आहे. पेडल दाबलं की कॉम्प्युटरला इशारा जातो आणि पंपाने साठवलेल्या दाबावर ब्रेक लागतात. २००४ आणि २००५ मध्ये कंपनीने यासाठी जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या आणि नंतर ही यंत्रणाच बंद केली. पंपाच्या युनिटमध्ये किती वेळा ब्रेक दाबला याची मोजणी साठत जाते. ठरावीक आकडा ओलांडला की डॅशबोर्डवर लाल सूचना येते. युनिट निकामी झालंच तर पेडल खोल जातं आणि फक्त पुढच्या चाकांना ब्रेक लागतो. घाटात हे तुमच्यावर येऊ नये.

म्हणून ती गाडी बघायचीच असेल, तर बॉनेटजवळ उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी ड्रायव्हरचा दरवाजा उघडायला सांगा. पंप चालू झाल्याचा घर्रर असा छोटा आवाज येतो. मग मर्सिडीजचा स्कॅनर असलेल्या माणसाकडून ब्रेकची मोजणी वाचून घ्या. ५८ हजार किलोमीटरच्या मानाने आकडा फारच मोठा निघाला, तर मीटर मागे फिरवलंय असं समजा. आकडा अगदीच कमी असला तर पंप बदललाय का, ते बिल मागा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जुन्या ई-क्लासचं हे वाचन मी आधी करते, तेलपाणी नंतर.

दुसरं, तुमच्याच गावचं. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या महापुरात ही गाडी कुठे उभी होती? कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मालकाला गल्लीचं नाव विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. पायाखालचा गालिचा उचलून खालचा फोम दाबून बघा. डिकीत स्टेपनीची जागा उघडून बघा, कारण मुख्य बॅटरी आणि फ्यूजचा एक मोठा डबा मागेच आहे. पाणी शिरलेली गाडी दोन-चार वर्षं बरी चालते, मग कधी खिडकी बंद, कधी गिअर अडकतो, आणि वायरिंगचा शोध संपत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

आता २००८ ची. हिचे ब्रेक साधे हायड्रॉलिक, म्हणजे पायाच्या जोराने तेलाच्या दाबावर लागणारे आहेत, मोठी काळजी मिटली. इंजिन व्ही-सहा, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात सहा सिलिंडरांचं, तीन लिटरचं, ताकदवान. पण त्याचा एक जुना आजार आहे. ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खाचेत बसवलाय आणि त्याची रबरी सीलं उष्णतेने कडक होऊन गळतात. तेल इंजिनच्या मागच्या अंगाने गिअरबॉक्सच्या जोडावर उतरतं, म्हणून बरेच मेस्त्री मागचं सील गेलं म्हणून सांगतात. सीलं स्वस्त आहेत. वरचं सगळं उतरवायचं लेबर महाग. फाइलमध्ये या कामाचं बिल सापडलं तर गाडीची किंमत माझ्या नजरेत तिथेच वाढली. मूळची सीलं नारिंगी असायची, सुधारित जांभळी. लिफ्टवर चढवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

जाताना मालकाला आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन कसं उचलतं यात अर्धी परीक्षा होते. मग साठ ते ऐंशीच्या वेगात, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका ठेवून सपाट रस्त्यावर चालवा. खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर गिअरबॉक्सचं तेल आणि टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिक गाडीत इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा, क्लचच्या जागचा भाग) दोन्ही संशयित. ‘हे तेल आयुष्यभर बदलायचं नसतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. साधारण ६० हजारांवर ते बदललेलं बरं, आणि फाइलमध्ये तशी नोंद हवी. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर रात्री उभी केलेली गाडी सकाळी बघायला मागा, एखादा कोपरा बसलेला दिसतो. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

कागद थोडक्यात. दोन्ही गाड्यांची पंधरा वर्षं उलटलीत, तेव्हा आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण झालंय का, कधीपर्यंत, आणि जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स भरलाय का ते बघा. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाची फी दहा हजार आहे. आरसीवर गाडी आयात म्हणून नोंदलेली असेल तर ऐंशी हजार. बँकेचा बोजा उतरलेला नसेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

घरच्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून एक हिशेब मांडा. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी काढता येत असेल तरच पुढे जा. साडेचारची गाडी घेतली तर सव्वादोन लाख बाजूला. तेवढं जमत नसेल तर थांबा, सर. उधारीवर ही गाडी पोसू नये.

प्रश्न : दिल्लीची दहा वर्षांची डिझेल बीएमडब्ल्यू इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. घ्यावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथे अशा गाड्यांचे भाव पडले. त्यामुळे स्वस्त आहे म्हणून ती खराबच असेल असं नाही. पण एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला, नुसती ‘मिळेल’ असं ऐकून व्यवहार करू नका. ती ठाण्याच्या आरटीओच्या नावाने निघालेली हवी, आणि इथला रोड टॅक्स किती बसेल हे आधी आरटीओत जाऊन विचारून या. तो टॅक्स किमतीत धरल्यावरही गाडी स्वस्त पडत असेल, तर दिल्लीतल्याच एखाद्या स्वतंत्र गॅरेजमधून तपासून घ्या. विकणाऱ्याने सुचवलेलं गॅरेज नको.