छत बंद होण्यापूर्वी प्रत्येक स्पीकरची वायर स्वतंत्र ओढून घ्या

नमस्कार. आपण लिहिले आहे की सगळ्या खोल्यांच्या छतात स्पीकर बसवायचे आहेत आणि वायरिंग करणारे म्हणतात, दिव्यांप्रमाणे एकच वायर एका खोलीतून दुसरीत लूप करत नेऊ, म्हणजे वायर वाचेल. आमच्या घरी नेमके हेच झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. कृपया त्यांना आजच थांबवा.

असा लूप केला की सगळे स्पीकर समांतर जोडले जातात. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) 4 ओहम होतो, चार जोडले की 2 ओहम. रोध जितका कमी, तितका अँप्लिफायरवर भार जास्त. आणि बहुतेक घरगुती अँप्लिफायर 4 ओहमच्या खाली चालवण्यासाठी बनवलेलेच नसतात. आमच्याकडे आवाज अगदी कमी असेपर्यंत सारे सुरळीत चाले, जरा वाढवला की अँप्लिफायर तापून बंद पडे. सेवाकेंद्रात नेला, तर तिथे त्यांनी त्याला स्पीकरची एक जोडी लावून पाहिली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवला. पुन्हा नेला, पुन्हा तोच शेरा. घरी अँप्लिफायरच्या एका चॅनलवर, म्हणजे डाव्या किंवा उजव्या बाजूच्या एका जोडणीवर, किती स्पीकर जोडले आहेत, हा एक प्रश्न तिथे कोणीही विचारला नाही, याचा मला आजही राग येतो, कारण दोष अँप्लिफायरमध्ये नव्हताच आणि तो कुठे आहे हे त्या एका प्रश्नाने कळले असते. शेवटी ध्वनियंत्रणेचे काम करणाऱ्या एका परिचितांनी छतातला स्पीकर खाली उतरवला, तेव्हा त्याच्या टर्मिनलवर दोन वायरी दिसल्या: एक आत येणारी, दुसरी पुढच्या खोलीत जाणारी. तोवर रंगकामही झाले होते. छत पुन्हा कापावे लागले.

त्यामुळे माझे मत ठाम आहे. प्रत्येक स्पीकरपासून अँप्लिफायरच्या जागेपर्यंत स्वतंत्र, मध्ये कुठेही जोड नसलेली वायर पाइपमधून आणावी. वायरचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे 8 ओहमला 0.4 ओहमच्या आत राहिला पाहिजे, तांब्याची 1.5 चौ. मिमी. वायर साधारण 15 मीटरपर्यंत आणि 2.5 चौ. मिमी. साधारण 25 मीटरपर्यंत हे साधते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घेऊ नका, तिचा रोध सुमारे दीडपट असतो. तार खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. विजेच्या वायरींना समांतर जाताना शक्यतो 30 सेंमी अंतर ठेवावे आणि त्यांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. विजेच्या मुख्य वायरिंगबद्दल मात्र मी सल्ला देणार नाही; ते परवानाधारक तंत्रज्ञाचेच काम आहे.

छत बंद करण्यापूर्वी प्रत्येक वायरचे पलीकडचे टोक एकत्र जोडून मल्टीमीटरने रोध मोजा, ते टोक मोकळे करून दोन तारा आपसांत चिकटलेल्या नाहीत हेही पाहा आणि दोन्ही टोकांना खोलीचे नाव लावा. वायरी कुठून गेल्या आहेत याची मोजपट्टी धरून छायाचित्रे काढून ठेवा. स्पीकर बसवल्यावर वायरच्या धन तारेला 1.5 व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक आणि ऋण तारेला ऋण टोक क्षणभर लावून स्पीकरचा पडदा बाहेरच्या बाजूला येतो का ते पाहिले, तर धन-ऋण टोके उलटी लागली आहेत का हे लगेच समजते. जोडीतला एक उलटा असेल तर खर्जातला आवाज पातळ होतो.

लूप करून छत आधीच बंद झाले असेल, तर प्रत्येक स्पीकरला ट्रान्सफॉर्मर असलेली 100 व्होल्टची व्यवस्था हा एक मार्ग आहे, कारण ती मुळात लूपिंगसाठीच असते. अँप्लिफायरही त्याच प्रकारचा घ्यावा लागेल. पण छोटे ट्रान्सफॉर्मर खर्ज कमी करतात, म्हणून संगीत मन लावून ऐकण्याच्या खोलीसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. निदान त्या एका खोलीपुरते छत उघडून स्वतंत्र वायर ओढून घ्यावी.