उत्तर: बेसेल बीमचा मधला ठिपका सव्वापट मोठा येतोय

तुम्ही विचारलंय की एसएलएमवर (फेजचं चित्र दाखवून प्रकाशाला आकार देणारा छोटा पडदा) बनवलेल्या बेसेल बीमचा, म्हणजे मध्ये ठिपका, भोवती रिंगा आणि लांबपर्यंत न पसरणाऱ्या झोताचा, ठिपका हिशोबापेक्षा मोठा का येतो आणि मधोमध एक डाग का चमकतो. पोस्टमधलं "हिशोबात त्रिज्या ६१ मायक्रॉन, कॅमेऱ्यावर ७६" वाचलं आणि पोटात गोळा आला, कारण हेच आकडे माझ्या जुन्या वहीत आहेत. ८ मायक्रॉनचा पिक्सेल, ॲक्सिकॉनची (बेसेल बीम बनवणारं शंकूच्या आकाराचं भिंग, इथे त्याचं फेजचं चित्र) रिंग दर २० पिक्सेलला, ६३३ नॅनोमीटरचा लेसर, सगळं तेच. पोलरायझेशन वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही.

७६ भागिले ६१ करा. सव्वा. सव्वा हा आकडा सत्यनारायणाच्या शिऱ्यात शोभतो, ऑप्टिक्समध्ये नाही. एसएलएम कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर म्हणून दिसतो ना, त्या स्क्रीनचं डिस्प्ले स्केलिंग बघा, बहुतेक १२५ टक्के असेल. जुना प्रोग्राम असला की विंडोज त्याचं चित्र गुपचूप ताणतं, २० पिक्सेलची रिंग २५ ची होते.

आणि कळत का नाही, तर ताणलेला ॲक्सिकॉनही ॲक्सिकॉनच असतो! रिंगा सुरेख दिसतात, मध्ये तार धरली तरी बीम पुढे जाऊन पुन्हा जुळतो, पल्लासुद्धा (बीम न पसरता टिकतो ते अंतर) ७५ सेंमीचा ९५ होतो, मी तर खूश झालो होतो. माझं चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यातून ताणलं जात होतं, म्हणजे केंद्र आडवं २४० पिक्सेल, जवळजवळ २ मिमी सरकलेलं. मी काय केलं, तर आरसा फिरवून बीम तिकडे नेला आणि अलाइनमेंट सुधारली म्हणून वहीत लिहिलं. याच्याइतका मूर्खपणा मी अख्ख्या पीएचडीत केला नाही.

पुढचे चार महिने विक्रेत्याच्या सर्व्हिस विभागाने खाल्ले. प्रत्येक मेलला एकच उत्तर, फेज कॅलिब्रेशन बिघडलंय, डिव्हाइस परत पाठवा, आणि सोबत कोटेशन. परत पाठवायचं म्हणजे कस्टम्सचे कागद, खरेदी विभागाच्या सह्या... असो. स्केलिंग किती ठेवलंय हे एकानेही विचारलं नाही. माझं मत विचाराल तर कॅलिब्रेशनला पैसे देण्याआधी स्वतः एक साधी ग्रेटिंग (समांतर पट्ट्यांचं चित्र) टाकून बघावी. २० पिक्सेलची ग्रेटिंग, एक मीटरवर भिंत, पहिली ऑर्डर (पट्ट्यांनी वळवलेला पहिला ठिपका) झिरोपासून (न वळलेल्या ठिपक्यापासून) साधारण ३.९६ मिमीवर पडायला हवी. माझी ३.१७ वर पडली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बेसेल बीम पहिल्यांदा दाखवणाऱ्या डर्निनच्या १९८७ च्या प्रयोगात गोल फट आणि लेन्स होती, विंडोज नव्हतं, सुखी माणूस.

मधोमध चमकणाऱ्या डागाचं म्हणाल तर थोडा दोष याचाच, ताणताना चित्रातली २५५ वरून ० ची उडी (फेजचं एक चक्र पूर्ण होतं ती जागा) पसरट होते आणि प्रकाश भलतीकडे गळतो. पण स्केलिंग १०० केल्यावरही थोडी झिरो ऑर्डर राहणारच, पिक्सेलमधल्या फटी कुठे जाणार. ॲक्सिकॉनमध्ये ब्लेझ्ड ग्रेटिंग (करवतीच्या दातांसारखी, प्रकाश एकाच बाजूला वळवणारी) मिसळा, लेन्सच्या फोकसला आयरिस (लहानमोठं करता येणारं गोल छिद्र) लावून पहिली ऑर्डर तेवढी घ्या. आयरिस फार आवळू नका, तिथे बेसेलची रिंग असते, तीच कापली जाते.

(मी फक्त हेलियम-निऑनवर काम केलंय, फेम्टोसेकंद लेसरवाल्यांनी माझ्या भरवशावर राहू नये.) आणि हो, फेजचं चित्र जेपीजीत सेव्ह करत असाल तर आजच थांबा, पीएनजी किंवा बीएमपी वापरा.