टंग ट्विस्टर म्हणायचाच, पण कोणता?

मराठी माध्यमातून शिकलात, हिंजवडीत नोकरी लागली, ‘शी सेल्स सीशेल्स’ हा टंग ट्विस्टर, म्हणजे जीभ अडखळवणारं वाक्य, रोज घडाघडा म्हणता आणि तरी कॉलवर समोरचा ‘सॉरी?’ म्हणतोच, असं तुम्ही लिहिलंय. मेहनत कमी पडत नाहीये, वाक्य बदलायला हवं. स आणि श आपण मराठीत वेगळे उच्चारतोच. त्यामुळे त्या वाक्यात तुमच्या जिभेला नवीन काही शिकायला मिळत नाही, नुसता वेगाचा व्यायाम होतो.

मी पुण्यात इंग्रजी संभाषण शिकवते. मराठी मुलं जिथे हमखास अडतात, तिथूनच सुरुवात करा.

आधी प, ट, क. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला, जोर असलेल्या जागी, हे उच्चार श्वासाच्या झोतासकट येतात. आपला प कोरडा असतो, म्हणून ‘पॅक’ म्हटलेलं परदेशी कानाला ‘बॅक’ वाटू शकतं. पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरा, पीएमपी बसचं तिकीटही चालेल. ‘पान’ म्हणा, पट्टी जेमतेम हलेल. आता ‘पीटर पायपर पिक्ट अ पेक ऑफ पिकल्ड पेपर्स’ अगदी सावकाश म्हणा. प्रत्येक शब्दातल्या पहिल्या प ला पट्टी फडफडली पाहिजे. ओठ मात्र पूर्ण मिटू द्या; खालचा ओठ दातांना लागला तर तो एफ झाला. ‘पायपर’मधल्या दुसऱ्या प ला एवढा झोत नको, ‘स्पीक’मधल्या प ला तर नकोच.

मग व्ही आणि डब्ल्यू. हे आरशासमोरच करा. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासून बाहेर पडते. ओठाला बारीक गुदगुल्या जाणवतात. डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, दात लांब राहतात. आपला व या दोघांच्या मधला, त्यामुळे ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपल्या तोंडी एकसारखेच येतात. मी मुलांना ‘व्हिव्हियन वॉन्ट्स व्हेरी वॉर्म व्हेस्ट्स’ देते: दात, चंबू, दात, चंबू, दात. एकेका शब्दावर थांबत म्हणा.

‘थर्टी थ्री थीव्ज’ सध्या बाजूला ठेवा. आपल्या थ ने बोललेलं बहुतेक वेळा कळतं. पुढे करालच तेव्हा एवढं बघा: इंग्रजी उच्चारात जिभेचं टोक दातांमध्ये असतं आणि श्वास पुरेपर्यंत तो लांबवता येतो, आपला थ लांबवता येत नाही.

वेगाची घाई अजिबात करू नका, ही माझी कळकळीची विनंती. घाईत जीभ जुन्या सवयीच्या जागी जाते आणि चूकच पक्की होते. हळू म्हणताना चार-पाच वेळा ओळीने बरोबर आलं, की मग थोडा वेग वाढवा. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका. घरी मोठ्याने बोलायचा संकोच वाटत असेल तर सकाळी तळजाई टेकडीवर चालताना म्हणा.

आठवड्याभराने तुमच्या कामातलं वाक्य घ्या: ‘वी विल रिव्ह्यू द व्हर्जन ऑन वेन्सडे.’ हे तुम्हाला कॉलवर खरोखर बोलावं लागतं आणि त्यात दोन्ही उच्चार ठासून भरलेत. याचं रेकॉर्डिंग इथे टाका, कुठला शब्द घसरतोय ते मी ऐकून सांगते.