पावसाचा ‘चान्स’, ‘शक्यता’ की ‘संभाव्यता’?

मुंबईत मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या वर्गात रोज हवामानाचा अंदाज फळ्यावर लिहितात आणि दुसऱ्या दिवशी मुलांसोबत पडताळून बघतात. त्यांचं म्हणणं असं की ‘शक्यता’ वापरू की ‘संभाव्यता’, मुलं सरळ ‘चान्स’ म्हणतात ते खोडू का, आणि मुलं ‘अंदाज खोटा निघाला’ म्हणतात ते चालेल का?

ताई, चान्स अजिबात खोडू नका. लूडोत सहा पडायचा चान्स, शेवटच्या ओव्हरला जिंकायचा चान्स, पाऊस पडून शाळा लवकर सुटायचा चान्स, हे पोरं तुम्ही शिकवायच्या आधीपासून बोलतायत आणि अर्थही बरोब्बर लागतोय त्यांना. फक्त एक गोची आहे, मराठीत चान्स म्हणजे संधीसुद्धा. “टीचर एक चान्स द्या ना” मधला चान्स वेगळा आणि “पडायचा चान्स आहे” मधला वेगळा. म्हणून बोलताना चान्स आणि वहीत शक्यता, एवढं केलंत की झालं.

संभाव्यता दहावीच्या बीजगणितात आहेच, तेव्हा भेटेल. तो मापायचा शब्द आहे, शून्य ते एकमधला आकडा. नऊ वर्षांच्या मुलाच्या गळ्यात आत्ताच कशाला मारायचा? मोठ्यांनासुद्धा तो एका दमात नीट म्हणता येत नाही.

आता ‘शक्यता’. हा शब्द दिसतो साधा पण मला विचाराल तर खरी भानगड इथेच आहे. शक् म्हणजे करू शकणे, होऊ शकणे. म्हणजे मुळात हा हो-नाहीचा शब्द, होऊ शकतं किंवा होऊच शकत नाही, बस. ‘किती’ त्यात नाहीच. म्हणून तर बातम्यांत “शक्यता नाकारता येत नाही” हे वाक्य इतकं सोयीचं पडतं, काहीच न सांगता सांगितल्यासारखं. फळ्यावर नुसतं “आज पावसाची शक्यता आहे” लिहिलंत आणि महिना जुलैचा असेल तर एखादं कार्टं म्हणणारच की टीचर ती तर रोजच असते. आणि त्याचं बरोबर आहे! तेव्हा शक्यता हा शब्द कधी एकटा सोडू नका, त्याला ‘किती’ जोडा.

त्यासाठी मराठीकडे फार सुंदर विशेषण आहे, दाट. दाट शक्यता. दाट ढग, दाट धुकं, दाट झाडी आणि दाट शक्यता, मुलाला काही समजवावंच लागत नाही, खिडकीतून बाहेर बोट दाखवलं की पुरे. गंमत म्हणजे उलट्या टोकाला आपण विरळ शक्यता नाही म्हणत, अंधुक किंवा धूसर म्हणतो. म्हणजे शक्यता वाढली की दाटते आणि कमी झाली की दिसेनाशी होते. मग मधल्या पायऱ्यांना कदाचित, बहुतेक, नक्की. जुन्या लोकांकडे तर आण्यांचा हिशोबच होता, सोळा आणे खरं म्हणजे शंभर टक्के. आज कुठल्या मुलाने आणा बघितलाय म्हणा.

इथे हवामान खात्याचंही ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या इंग्रजी पत्रकांत ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ ७५ च्या वर, असं ठरलेलं असतं. मराठी बातमीत येईपर्यंत या तिन्हींची बहुतेक वेळा एकच ‘शक्यता’ होते. म्हणजे मूळ पत्रकात जे मोजून सांगितलंय ते आपण भाषांतरात सांडून टाकतो.

टक्के मात्र चौथीत जपून. माझा भाचा तिसरीत आहे, त्याने मोबाईलवर पावसाच्या ढगाखाली ७० टक्के बघितलं आणि विचारलं, मामा म्हणजे आपला रस्ता सत्तर टक्के भिजणार का. मग आम्ही बाटल्यांची दहा झाकणं घेतली, सात निळी तीन पांढरी, पिशवीत टाकून हलवली. निळं म्हणजे पाऊस. पहिल्याच हाताला पांढरं आलं आणि साहेब म्हणाले, खोटं! म्हटलं झाकण परत टाक, अजून काढ, काढत रहा. वीस वेळा काढून झाल्यावर निळ्याच्या खुणा बऱ्याच जास्त झाल्या तेव्हा कुठे गडी गप्प बसला. त्यावरून सांगतो, ७० टक्के न म्हणता “असे दहा दिवस असतील तर त्यातले साधारण सात पावसाचे” म्हणा. लांब होतं वाक्य पण कळतं.

अजून एक शब्द नीट बघा, ‘तुरळक ठिकाणी’. तो शक्यतेचा नाही, जागेचा आहे. खात्याच्या हिशोबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत. मुंबईच्या मुलांना हे सांगायला २६ जुलै २००५ सारखं उदाहरण नाही, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच वेळी कुलाब्याला १०० सुद्धा नाही. एकाच शहरात! तेव्हा पडताळा घेताना “आपल्या शाळेवर पडला का” हे वेगळं लिहा आणि “मुंबईत पडला का” हे वेगळं.

राहिलं खोटा निघाला. भाकीत खोटं ठरतं, कारण भाकीत करणारा ‘होणारच’ म्हणून सांगतो. भाकणे म्हणजे मुळात बोलणेच, करुणा भाकतो तेच हे. अंदाज हा फारसीतून आलेला शब्द, त्यात थोडं इकडेतिकडे धरलेलंच असतं, भाजीत मीठ अंदाजाने टाकतो तसं. मीठ जास्त पडलं तर आपण अंदाज खोटा निघाला म्हणत नाही, चुकला म्हणतो. पण दहातले सात सांगितले आणि त्या दिवशी कोरडं गेलं तर तो चुकलासुद्धा नाही, तो दिवस उरलेल्या तिनातला असू शकतो. एका दिवसावरून निकाल लावू नका, ज्या ज्या दिवशी सात सांगितले होते ते दिवस बाजूला काढा, पंधरा-वीस जमले की मुलांनाच मोजू द्या.

आणि हो, त्या पायऱ्यांमधला ‘बहुतेक’ वापरताना आधी वर्गाला विचारून घ्या की त्यांच्यामते दहातले किती. आमच्या घरी “येईन बहुतेक” म्हणणारा पाहुणा दहातून दोनदा येतो.