पहिल्याच सर्फबोर्डला ट्रॅक्शन पॅड? थोडं थांब

गोव्यात मोरजी-अश्वेला सर्फिंग शिकताना मिळतो तो आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड असेल, तर पॅडवर (पाय घसरू नये म्हणून बोर्डच्या मागच्या भागावर चिकटवतात तो खरखरीत तुकडा) पैसे घालू नकोस. उभं राहताना पाय कुठे पडतो हेच अजून पक्कं नसतं, आणि पॅड मागच्या पायाला एकच जागा देतं. लाँगबोर्डवर तर पुढेमागे चालायचं असतं, तिथे वॅक्सच (पकडीसाठी बोर्डवर घासतात ते मेण) बरं.

सहा फुटांच्या आसपासचा शॉर्टबोर्ड घेशील तेव्हा मात्र जरूर लाव. वळवायला मागचा पाय फिन्सच्या (बोर्डखालच्या पंखांच्या) वर हवा. पॅडची उभी कड लागली की खाली न बघताही जागा कळते.

चिकटवायची घाई करू नकोस. जुनं वॅक्स पूर्ण खरवड, स्पिरिटने पूस, नीट वाळू दे. कागद न काढता पॅड ठेवून पेन्सिलने खूण कर, लीशच्या (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या) खाचेच्या किंचित पुढे. मग मधून कडांकडे अंगठ्याने जोर लावून दाबत जा. सुटलेल्या कोपऱ्यातूनच पाणी शिरतं. २४ तास बोर्ड कोरडाच ठेव.

पुढच्या पायाखाली वॅक्स लागेलच. दुकानात ‘ट्रॉपिकल’च माग, थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडच्या उन्हात लोण्यासारखं पाघळतं.